झाडं पोरांची, पालक व्हरांड्यात : एरंडवण्यातल्या एका कार्यशाळेबद्दल

शासकीय चित्रकला ग्रेड परीक्षेत, एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटलाही, स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय ठरलेले: बाजार, बसथांबा, पावसातली धांदल, बागेत खेळणारी मुलं. पोरं वर्षभर घोटून एक फुगेवाला, एक टोपलीवाली आणि एक पाठमोरा सायकलवाला तयार ठेवतात. विषय कुठलाही येवो, तिघंही कागदावर हजर. मी हा पेपर सबंध नोकरीभर शिकवलाय, तेव्हा तक्रार करायचा हक्क माझा. पंधरा वर्षांच्या मुलीला म्हटलं, तुला स्वतःला आठवतंय असं एखादं दार काढ, एखादी काकू काढ, की ती विचारणार, "बाई, हे परीक्षेला येतं का?"

यंदाच्या पावसाळ्यात भाचीला घेऊन ज्या कार्यशाळेला जात होते तिथे नेमकं हेच काढायला सांगतात. मुलांनी आपली आजवरची गोष्ट चित्रातून, शिवणकामातून, थोडं लिहून स्वतःसमोर मांडायची, असा तो प्रकार. रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा, वय चौदा ते एकोणीस, तुकडीत जास्तीत जास्त सोळा मुलं. फी २,५०० रुपये, साहित्य त्यातच. चार जागा महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी विनामूल्य. पुण्यात नळ स्टॉप मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल अशा एका जुन्या बंगल्याचा खालचा हॉल. चालवणाऱ्यांचं नाव देत नाही, कारण पुढे मुलांच्या गोष्टी येणार आहेत आणि तुकडी लहान असल्याने कोण कुठलं हे लगेच ओळखू येईल. भाचीला हे सगळं आधी वाचायला दिलं होतं. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

मोठ्या माणसांनी आत यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मला घेतलं ते कागद कापायला, ब्रश धुवायला, आणि तेही एका अटीवर: कुणाच्याही चित्राबद्दल काही बोलायचं नाही. 'छान' सुद्धा नाही. जन्मभर वहीच्या कोपऱ्यात लाल शाईने 'छान' लिहिलेल्या बाईला ही अट किती जड गेली असेल, विचार करा. पण अट बरोबर होती. एका चित्राला छान म्हटलं की शेजारचं पोर आपलं चित्र हाताने झाकतं. हे मला वर्गात कायम दिसत आलंय आणि त्यावर उपाय कधी सुचला नव्हता.

आधी साहित्य, कारण ते मला कळतं. तैलखडू भरपूर आणि चांगले, अर्धवट झिजलेले नव्हेत. स्केचपेन बरे. पोस्टर कलरच्या बाटल्या नव्या होत्या, पण कागद पातळ कार्टरिज, त्यामुळे रंगाचा पहिला हात बसताच त्याला पापडासारख्या लाटा आल्या. २,५०० रुपये घेता तर कागद जाड द्या. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथला कागद हाताला लागला की मूल दहा मिनिटं नुसतं त्यावरून बोट फिरवत बसतं. असल्या कामाची याहून चांगली सुरुवात नाही. टेबलं नाहीत, सतरंज्या आहेत. माझ्या गुडघ्यांचं मत वेगळं असलं, तरी मुलांना जमिनीवर पालथं पडून काढायला आवडलं. सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे पेन्सिल नाही आणि खोडरबर नाही. खोडरबर असला की आपली मुलं अर्धा तास एकच रेघ काढत आणि खोडत बसतात, मार्क जातील या भीतीने. तैलखडू खोडता येत नाही. चुकलं तर त्याचंच काहीतरी करायचं.

मुख्य काम झाडाचं. प्रत्येकाने पूर्ण कागदावर एक झाड काढायचं आणि त्याच्या प्रत्येक भागात काहीतरी लिहायचं किंवा चितारायचं. मुळांत आपण कुठून आलो ते: गाव, घरातली माणसं, लहानपणी कानावर पडलेली गाणी. जमिनीत आत्ताचा रोजचा दिवस. खोडात आपल्याला काय काय येतं. फांद्यांवर पुढच्या इच्छा. पानं म्हणजे आपली माणसं. त्यात वारलेली चालतात, कुत्रीमांजरंही चालतात. फळं म्हणजे इतरांकडून आपल्याला मिळालेलं.

चहाच्या सुट्टीत चालवणाऱ्या ताईंना विचारलं, हे कुठलं? त्या म्हणाल्या, पद्धत आफ्रिकेतली. झिम्बाब्वेच्या न्काझेलो न्क्युबे आणि ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या डलविच सेंटरचे डेव्हिड डेनबरो या दोघांनी मिळून ती बसवली, एड्सने ज्यांचे आईवडील नेले अशा मुलांसाठी. त्या मुलांना 'काय झालं ते सांग' असं थेट विचारलं की ती पुन्हा त्याच दुःखात बुडायची आणि विचारणाराही हतबल व्हायचा. म्हणून आधी उभं राहायला जागा करायची, कुठली माणसं, कुठली कला, कुठली आठवण आपल्याला धरून आहे ते पाहायचं, आणि वादळाचं नाव त्यानंतर काढायचं. मला विचाराल तर सगळी मेख या क्रमात आहे. आपल्याकडे मुलाला समजून घ्यायचं म्हणजे समोर बसवून "काय बिनसलंय तुझं?" हाच पहिला प्रश्न असतो.

मुळं पटापट झाली. खोडापाशी मात्र सगळे अडले. 'मला काय येतं?' यावर निम्म्या मुलांनी 'काही नाही' लिहिलं आणि दोघांनी टक्केवारी. तिथे एक दादाही होते, तरुण, उत्साही, त्यांनी "आपल्या स्ट्रेंथ्स शेअर करूया" असं तीनतीनदा सांगून पाहिलं. पोरं ढिम्म. मग ताईंनी प्रश्न फिरवला: तू चार दिवस घरी नसलीस तर कुठलं काम अडेल? तुझ्या मित्राला विचारलं तर तो तुझ्याबद्दल काय सांगेल? लगेच खडू चालायला लागले. पहाटे पेपर टाकणाऱ्या एका मुलाने खोडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिलं: कुठल्या वाड्यातलं कुत्रं भुंकतं आणि कुठलं चावतं ते ठाऊक, लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्याच्या गॅलरीत खालून पेपर टाकता येतो, थकलेलं बिल गोड बोलून वसूल करता येतं. त्याच मुलाने आधी 'काही नाही' लिहिलं होतं. तैलखडू खोडता येत नसल्याने ते 'काही नाही'ही तिथेच राहिलं, खोडाच्या सालीसारखं.

भाचीचं झाड वेगळंच निघालं. तिचे वडील महावितरणमध्ये. इस्लामपूर, फलटण, बारामती आणि आता पुणे, दर तीनेक वर्षांनी सामान टेम्पोत. मुळं कुठे दाखवायची यावर ती बराच वेळ अडून बसली. शेवटी तिने झाड कुंडीत काढलं. कुंडीही नाही, रंगाचा रिकामा प्लास्टिकचा डबा, ज्यात आपल्याकडे कढीपत्ता लावतात तो, कंपनीच्या नावासकट. माझं चित्रकलेतलं डोकं लगेच म्हणालं, प्रमाण चुकलं, एवढं मोठं झाड एवढ्या डब्यात कसं राहील. अट आठवली आणि गप्प बसले. ताई तिच्याशेजारी बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हा डबा दरवेळी कोण उचलून आणतं?" त्यावर तिने डब्याच्या कडेने माणसं काढायला घेतली: फलटणच्या घरमालकीणबाई, बारामतीच्या शाळेतली एक मैत्रीण, टेम्पोवाले काका, आणि बादलीत तुळस घेऊन पुढच्या सीटवर बसलेली तिची आई. काकाची मिशी फार चांगली साधली होती. हेही बोलले नाही.

लिहिण्याचा भाग थोडक्यात उरकते, कारण ते कागद मी पाहिले नाहीत आणि कुणीच पाहिले नाहीत. पंधरा मिनिटं सलग लिहायचं, शुद्धलेखनाकडे बघायचं नाही, कागद आपल्याजवळ ठेवायचा किंवा फाडून टाकायचा. दादांनी यामागचा अभ्यास सांगितला. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहायला लावलं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना असं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. एका मुलाने विचारलं, "याने बोर्डाच्या पेपरचा स्पीड वाढतो का?" दादांना उत्तर सुचेना.

त्याहून मला आवडली ती प्रकरणांची यादी. आपल्या आयुष्याचं पुस्तक असतं तर प्रकरणांची नावं काय असती, एवढंच लिहायचं. डॅन मॅकअ‍ॅडम्स नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माणसांच्या मुलाखती याच प्रश्नाने सुरू करतात म्हणे. ही नावं भिंतीवर लावली होती, खाली कुणाचं नाव न लिहिता. सोळा याद्यांपैकी बहुतेकींत एक नाव सारखं होतं: लॉकडाऊन. आपण मोठी माणसं ते विसरून गेलो, नाहीतर केकच्या आणि झूमच्या विनोदांपुरतं ठेवलं. यातली बरीच मुलं तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. एका यादीत ओळीने एवढंच होतं: 'सगळे बरे होते', 'लॉकडाऊन', 'बाबा घरी', 'बाबा घरीच', 'नवी शाळा', 'चालू'. मी ती वाचून पुढे गेले आणि परत येऊन पुन्हा वाचली. 'घरी' आणि 'घरीच' यातला फरक कळायला कुठल्या समुपदेशकाची गरज नाही.

दादा म्हणाले, लहान मूल घटना सांगतं, पण या घटनेमुळे ती घडली आणि त्यामुळे मी अशी झाले, ही जोडणी साधारण या वयातच जमायला लागते. हबरमास आणि ब्लक यांनी २००० साली यावर सविस्तर लिहिलंय. वर्गातला अनुभव सांगते, अगदी खरं आहे. सहावीतल्या पोराला सुट्टीबद्दल विचारा, तो 'मग आम्ही गेलो, मग आम्ही खाल्लं' सांगतो. अकरावीतली मुलगी त्याच सुट्टीत आजीचं आणि आईचं का बिनसलं ते सांगते. मग ही जोडणी ती एकटीने रात्री दोन वाजता मोबाइल बघत करणार, की कुणाच्या सोबतीने, हाच काय तो प्रश्न.

आता गोधडी. प्रत्येकाने घरून आपल्या जुन्या कपड्याचा एक तुकडा आणायचा, त्यावर आपल्या गोष्टीतलं एक चिन्ह टाचायचं आणि सगळे तुकडे जोडून एक गोधडी करायची. मूळ पद्धतीत हे नाही, ताईंनी घातलेली भर आहे, आणि फार चांगली आहे. शाळेच्या गणवेशाचा खिसा आला, आईच्या ओढणीचं टोक आलं, पाठीवर सात नंबर असलेली जर्सी आली. भाचीने वडिलांच्या जुन्या शर्टाची बाही आणली, जिच्यावर खांबावरच्या कसल्यातरी काळ्या ग्रीसचा डाग अजून होता. एकजण तुकडा विसरला, त्याने सरळ खिशातला रुमाल कापला. बोहरी आळीतून आणलेले दोरे आणि तुळशीबागेतली लेस मधे ठेवली होती. धावदोरा घालायला मी शिकवलं, तेवढी परवानगी होती. मुलींपेक्षा मुलगे जास्त रमले. सुईत दोरा ओवता आल्याचा एवढा आनंद मी क्रिकेटच्या मॅचलाही पाहिलेला नाही.

आणि बोलणं झालं ते इथे. वर्तुळात बसवून "कसं वाटलं?" विचारलं तेव्हा सगळे 'छान वाटलं' म्हणून मोकळे झाले होते. सुई हातात आल्यावर नजर खाली गेली, कुणी कुणाकडे बघत नव्हतं, आणि मग एकेकजण सांगायला लागला. नापास झाल्याचं, घरातल्या भांडणाचं, मैत्रिणीने ग्रुपमधून काढल्याचं. जे ऐकलं ते इथे लिहिणार नाही. पण कुठल्याही शिक्षकाला सांगेन, मुलांशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या हाताला काम द्या, मटार सोलायला बसवलं तरी चालेल.

तक्रार अशी की गोधडीला एकच रविवार दिला. अर्धे तुकडे सुटेच राहिले आणि ताईंनी ते घरी नेऊन मशीनवर जोडले. फिनिशिंग चांगलं आलं, पण मुलांच्या वाकड्या टाक्यांची गोधडी मशीनच्या सरळ शिलाईने पुरी करणं मला पटलं नाही. अर्धी राहिली असती तरी चाललं असतं.

दुसरी तक्रार गंभीर आहे. सगळी झाडं दोरीला टांगून जंगल तयार झाल्यावर वादळांचा भाग येतो: झाडांवर काय काय संकटं येतात, आणि ती तगून कशी राहतात. 'माझ्यावर' न म्हणता 'झाडांवर' म्हणायचं, म्हणजे ज्याला सांगायचं नाही त्याला आडोसा राहतो. कल्पना उत्तम. पण हा भाग त्यांनी एका रविवारच्या शेवटच्या तासात कोंबला. एक मुलगी मधेच उठून बाहेर गेली. ताई तिच्यामागे व्हरांड्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि आत दादांनी उरलेलं घाईघाईने गुंडाळलं. ताईंनी केलं ते योग्यच, मुलीला विचारून तिच्या घरी फोनही केला असं नंतर कळलं. पण आत राहिलेल्या पंधराजणांचं काय? ज्या भागासाठी आधीची सगळी तयारी, त्याला पूर्ण सकाळ हवी आणि हाताशी तिसरं माणूस हवं. मी हे त्यांना लेखी दिलंय. जाताना प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली, तिच्यावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. हे ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असावं. कार्यशाळा म्हणजे उपचार नव्हे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. ज्या मुलाचं जेवण-झोप बिघडलीय, जे स्वतःला इजा करण्याचं बोलतंय, त्याला इथे नाही, डॉक्टरकडे न्यायचं.

शेवटच्या रविवारी शेवटचा तास पालकांना आत सोडलं. आता पालक म्हणजे आपणच, तेव्हा मोकळेपणाने लिहिते. एक गृहस्थ दारातूनच मोबाइल वर धरून आत आले. ताईंनी फोन खाली घ्यायला लावला. एका बाईंनी झाडाखाली उभं राहून लेकाला विचारलं, "यात इंजिनीअरिंग कुठेय?" आणखी एकींनी सर्टिफिकेट मिळणार का विचारलं.

मिळालं. पण ते ऐकण्यासारखं होतं. नेहमीचं 'सहभागाबद्दल अभिनंदन' नव्हतं. प्रत्येकाच्या झाडावरचीच वाक्यं घेतलेली, आणि ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली: अमुक मुलाला पहाटेच्या गल्ल्या पाठ आहेत, अमुक माणसं त्याच्या पाठीशी आहेत, त्याला पुढे अमुक करायचंय. कुठलंही कॉलेज याला अर्धा मार्क देणार नाही. पेपर टाकणाऱ्या मुलाचे वडील ते ऐकताना टोपी काढून उभे होते, आणि बिलं वसूल करण्याचा उल्लेख आला तेव्हा मोठ्याने हसले.

माझी बहीण डब्यातलं झाड बघून गडबडली. "बदल्यांचा एवढा त्रास झाला होय गं तुला?" भाची म्हणाली, "त्रास कुठे लिहिलाय? वाच ना नीट." बहिणीने चष्मा लावून वाचलं, तुळस घेऊन बसलेली ती स्वतः तिला सापडली, आणि मग ती म्हणाली की टेम्पोवाला काका नाही, दादा होता, वय फार नव्हतं त्याचं. त्यावरून घरी जाईपर्यंत दोघींचा वाद चालू होता.

पाठवावं का? पाठवा, मूल स्वतः हो म्हणत असेल तर. एका महिन्याच्या क्लासच्या फीपेक्षा कमी पैशांत होतं. बळजबरीने आणलेली दोन मुलं होती, ती शेवटपर्यंत भिंतीला टेकून बसली आणि त्यांना कुणी छेडलं नाही, हे मात्र चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहून ठेवते. ज्यांना चित्र 'येत नाही' त्यांनी अजिबात घाबरू नये. उलट माझ्यासारखीकडे शिकलेली मुलं इथे जास्त अडखळतात, सावली कुठून पडते हे ठरवण्यात त्यांचा वेळ जातो.

गाडी आणू नका, त्या गल्लीत लावायला जागा नाही. कात्री घरची द्या, तिथल्या बोथट आहेत. अंगात जुना शर्ट, बरोबर डबा, कारण मधल्या सुट्टीत बिस्किटांपलीकडे काही नसतं. आणि सोडायला येणाऱ्यांनी सरळ जाऊन कुठेतरी नाश्ता करून यावं. त्या हॉलच्या खिडक्या बुटक्या आहेत, बाहेरून कोण डोकावतंय ते आतून स्वच्छ दिसतं.